आशेचा नांगर

हैदराबाद शहराच्या पूर्वेस, विजयवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिलसुखनगर नावाची दाट वस्ती आहे. नाव उच्चारताच मनास गारवा वाटावा असे ते नाव. तेथे शिकवणीवर्गांची गर्दी आहे, भाड्याच्या खोल्यांतून राहणारे हजारो विद्यार्थी आहेत, दुकाने आहेत, चित्रपटगृहे आहेत आणि आपल्या शिर्डीच्या साईबाबांचे एक प्रसिद्ध मंदिरही आहे. २१ फेब्रुवारी २०१३ या दिवशी, गुरुवारी, दिवेलागणीच्या सुमारास या वस्तीत एकशेसात क्रमांकाच्या बसच्या थांब्यापाशी आणि जवळच्याच एका मिरचीभज्यांच्या दुकानापाशी सायकलींवर ठेवलेल्या दोन बाँबचे काही क्षणांच्या अंतराने स्फोट झाले. शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. अठरा बळी गेले, असे पुढे न्यायालयापुढे मांडले गेले. आणि त्या अठरांत एक बळी असा होता की ज्याने अद्याप जगाचा प्रकाशही पाहिला नव्हता. ते मूल आईच्या पोटात होते.

नाताळच्या मंगल दिवसांत या अमंगळ घटनेची आठवण आम्ही का काढावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. या खटल्यातील पाच आरोपी १३ डिसेंबर २०१६ रोजी दोषी ठरले आणि १९ डिसेंबरला त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. १९ डिसेंबर हा आपल्या गोमंतकाचा मुक्तिदिन. त्यानंतर सहाव्या दिवशी नाताळ येतो. ज्या आठवड्यात आपण घरांवर नक्षत्रे टांगीत होतो, त्याच आठवड्यात दिलसुखनगरच्या कित्येक घरांत तीन वर्षे दहा महिने वाट पाहून मिळालेल्या त्या निकालाचा कागद वाचला जात होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानेही ही शिक्षा कायम केली. न्याय झाला, असे म्हणता येईल. परंतु न्यायाने गेलेला माणूस परत येत नाही, आणि न जन्मलेले मूल तर नाहीच नाही. मग अशा घराला नाताळचा सण कोणत्या तोंडाने आशेची गोष्ट सांगणार? एका बाळाच्या जन्माचा आनंद त्या घरापुढे कसा उच्चारावा?

हा प्रश्न केवळ दिलसुखनगरचा नाही. ज्या बेथलेहेम गावात ख्रिस्ताचा जन्म झाला असे मानतात, तेथे गाझामधील युद्धामुळे २०२३ आणि २०२४ या लागोपाठ दोन वर्षी नाताळचे जाहीर समारंभ झालेच नाहीत. २०२३ साली तेथील एका ल्यूथरन चर्चने आपल्या गोठ्यातील बाळ येशू गवताच्या मऊ शय्येवर न ठेवता फुटक्या विटांच्या आणि सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवला. ते चित्र जगभर गेले. दोन वर्षांच्या काळोखानंतर २०२५ च्या डिसेंबरात त्या गावातील नाताळवृक्षावर पुन्हा दिवे लागले, तेव्हा त्या दिव्यांकडे पाहताना आनंदापेक्षा गहिवरच अधिक दाटला असेल. तिकडे युक्रेनमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीपासून एकामागून एक हिवाळे तोफांच्या छायेत गेले. आपल्याच देशात मणिपूर राज्यात ३ मे २०२३ रोजी पेटलेल्या वणव्यात अडीचशेहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे साठ हजारांना घरे सोडावी लागली. त्यांतील कित्येकांनी पुढचे नाताळ छावण्यांतून पाहिले. अशा जगात ‘शांती’ आणि ‘आनंद’ हे शब्द शुभेच्छापत्रांवर छापणे सोपे आहे. ते मनापासून उच्चारणे फार कठीण आहे.

आम्हांस वाटते की, या प्रश्नाचे उत्तर नाताळच्या कथेतच आहे. मात्र त्यासाठी ती कथा तिच्यावर चढलेला साखरेचा पाक बाजूला सारून वाचली पाहिजे. शुभेच्छापत्रांवरील गुबगुबीत बाळ, लोकरीची मेंढरे, चांदण्यांची रात्र या साऱ्यांच्या मागे एक कठोर हकिकत आहे. रोमन बादशहाच्या हुकमावरून शिरगणती चाललेली आहे. त्या सरकारी कामासाठी एका गरीब सुताराला दिवस भरत आलेल्या पत्नीला घेऊन दूरच्या गावी जावे लागते. धर्मशाळेत जागा मिळत नाही. बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवावे लागते. एवढ्यावर ही हकिकत थांबत नाही. हेरोद राजाला आपल्या सिंहासनाची भीती पडते आणि तो बेथलेहेमातील दोन वर्षांखालील मुलग्यांची कत्तल करवितो. बाळाला घेऊन आईबाप रातोरात मिसर देशात पळून जातात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ख्रिस्ताचे पहिले घर गोठा होते आणि त्याची पुढची ओळख निर्वासिताची होती.

आपणा हिंदूंना ही कथा परकी वाटू नये. कंसाच्या बंदिशाळेत जन्मलेले आणि भरल्या यमुनेतून मध्यरात्री पलीकडे नेलेले बाळ आपल्या घराघरांत पाळण्यात निजविले जाते. सत्ताधीशाला एका तान्ह्या मुलाचे भय वाटावे आणि त्या भयापोटी त्याने निरपराध अर्भके मारावीत, हे दोन्ही कथांतील साम्य विचार करायला लावणारे आहे. या कथा ज्यांनी सांगितल्या आणि जतन केल्या, त्यांना जग कसे चालते याचे पुरते ज्ञान होते. त्यांनी जगाच्या क्रौर्यावर पांघरूण घातले नाही. क्रौर्याच्या मधोमध बाळाचा पाळणा बांधला, एवढेच केले. दिलसुखनगरच्या त्या न जन्मलेल्या बालकाचे स्मरण नाताळमध्ये करणे म्हणूनच विसंगत होत नाही. ख्रिस्ती पंचांगात २८ डिसेंबर हा दिवस हेरोदाने मारविलेल्या त्या निरागस बालकांच्या स्मरणाचा आहे. नाताळ आणि तो दिवस यांच्यामध्ये अवघे दोन दिवस आहेत.

तेव्हा ख्रिस्ती धर्म ज्याला आशा म्हणतो ती गोष्ट नेमकी कोणती, हे पाहिले पाहिजे. आपल्या एका जुन्या सुभाषितकाराने आशेला एक अजब बेडी म्हटले आहे. या बेडीने जखडलेली माणसे धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेली पांगळ्यासारखी स्वस्थ बसतात, असा त्याचा चमत्कारिक दृष्टांत आहे. आपल्या अध्यात्मविचारात आशेला पाश मानण्याकडेच कल अधिक. ख्रिस्ती विचाराने मात्र श्रद्धा, आशा आणि प्रीती अशी तीन सद्‌गुणांची माळ ओवली आणि आशेला मधले स्थान दिले. नाताळपूर्वीच्या चार रविवारी चर्चमधून एकेक मेणबत्ती लावण्याची जी प्रथा अनेक देशांत आहे, तिच्यातील पहिली मेणबत्ती बहुधा आशेचीच मानतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ हे कॅथलिक पंथाचे पुण्यवर्ष ‘आशेचे यात्रेकरू’ या सूत्रावर जाहीर केले आणि २०२४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस त्याचा आरंभ केला. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २१ एप्रिल २०२५ रोजी, ते स्वतः निवर्तले; परंतु यात्रा थांबली नाही, त्यांच्यामागून आलेल्या पोप लिओ यांनी ती पुढे चालविली. आशेचा अर्थ सांगण्यास कदाचित एवढा एक प्रसंगही पुरेसा व्हावा.

या आशेचे जुने चिन्ह आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना विशेष भावेल. रोमच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांच्या थडग्यांवर जहाजाचा नांगर कोरलेला आढळतो. आशा म्हणजे जिवाचा नांगर, असा तो विचार आहे. समुद्राशी ज्यांचे नाते आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. नांगर वादळ थांबवीत नाही. लाटाही शांत करीत नाही. तो पाण्याखाली, कुणाच्या दृष्टीस न पडता, तळाची माती धरून राहतो आणि होडी खडकावर आपटू देत नाही. सगळे ठीक होईल असे म्हणणारा आशावाद आणि ही आशा यांत हाच फरक आहे. आशावादाला चांगल्या बातमीचा आधार लागतो. आशेचा कस वाईट बातमीतच लागतो. आणि आपल्या मराठी भाषेचे भाग्य असे की, तिच्यात नांगर हा एकच शब्द दोन वस्तूंना आहे. एक नांगर होडीला धरून ठेवतो, दुसरा जमीन उलथून पेरणीस तयार करतो. धरून ठेवणे आणि पेरणीसाठी राबणे, आशेची ही दोन्ही कामे आहेत.

या दुसऱ्या कामाचे उदाहरण दिलसुखनगरपासून फार लांब नाही. हैदराबादच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर मेदक येथे एक भव्य चर्च उभे आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निजामाच्या राज्यातील त्या भागावर दुष्काळाची आणि रोगराईची अवकळा आली होती. चार्ल्स वॉकर पॉस्नेट नावाचे एक मिशनरी तेथे काम करीत होते. भुकेलेल्यांना नुसती भीक घालण्याऐवजी काम देऊन अन्न द्यावे, असा त्यांनी विचार केला आणि त्या कामातून सुमारे दहा वर्षांत ही वास्तू उभी राहिली. तिचा मनोरा १७५ फूट उंच आहे. तिचे उद्‌घाटन २५ डिसेंबर १९२४ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी झाले. २०२४ च्या नाताळला तिला शंभर वर्षे पुरी झाली. येथे येणाऱ्या यात्रेकरूंत सर्व धर्मांची माणसे असतात.

दुष्काळात देवळे बांधू नयेत, आधी पोटाला अन्न द्यावे, असा एक विचार आहे आणि तो चुकीचा नाही. मेदकची गोष्ट अशी की, तेथे देऊळ बांधणे हेच अन्न देणे झाले. ज्यांच्या हाताला काम नव्हते त्यांच्या हातांनी एक टिकाऊ वस्तू घडविली आणि त्यांची मान ताठ राहिली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत. त्यांतील एका खिडकीवर ख्रिस्तजन्माचे चित्र आहे. अशा काचा बाहेरून पाहिल्या तर काळपट, मळकट दिसतात. आत उभे राहून उजेडाच्या दिशेने पाहिले की त्या उजळतात. परधर्माकडे आपण बहुधा बाहेरूनच पाहतो, हे त्या काचांपुढे कुणाही विचारी माणसाला जाणवावे. अशीच आशा आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी दाखविली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी, निराधार मुली आणून केडगावात ‘मुक्ती’च्या छपराखाली वाढविल्या. त्यांच्या धर्मांतराबद्दल महाराष्ट्राने त्यांच्यावर पुष्कळ राग धरला. त्या मुली जगल्या याबद्दलची कृतज्ञता मात्र तितक्या उदारपणे व्यक्त केली नाही.

परंतु आशेची सर्वांत कठीण परीक्षा भुकेने होत नाही, सूडाच्या भावनेने होते. २२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्रीनंतर ओरिसातील मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले त्यांच्या गाडीत झोपलेली असताना जमावाने ती गाडी पेटवून दिली. तिघेही जळून गेले. ग्रॅहॅम स्टेन्स १९६५ पासून मयूरभंज भागात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि मुलीला घेऊन मायदेशी निघून जाण्याऐवजी त्या बारिपदा येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेत आणखी पाच वर्षे राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या क्षमेने कायद्याच्या हातांत बेड्या पडल्या नाहीत. खटला चालला, शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. क्षमा आणि न्याय ही दोन निरनिराळी खाती आहेत. पहिले पीडिताचे, दुसरे समाजाचे. दिलसुखनगरच्या घरांनी मारेकऱ्यांना क्षमा करावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि कुणालाच नाही. एवढेच म्हणता येईल की, न्यायालयाचा निकाल लागल्यानंतरही माणसाच्या मनात एक खटला चालू राहतो, आणि त्यातून सुटण्याची वाट काही माणसांनी याच देशात चालून दाखविली आहे.

आता आमच्या वाचकांच्या मनात जो प्रश्न घोळत असेल त्याकडे वळू. ज्या धर्माच्या नावाने आपल्या या भूमीत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, धर्मन्यायसभेचा वरवंटा फिरला, ज्याच्या राज्यकर्त्यांनी देवळे पाडली आणि १६८४ साली आपली भाषा मोडून काढण्याचे फर्मान काढले, त्या धर्माकडून आम्ही आशेचे पाठ घ्यावेत काय? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. इतिहास जसा घडला तसा सांगितलाच पाहिजे. आमचे उत्तर असे की, हेरोदाच्या सिंहासनावर ख्रिस्ताचे नाव घेणारेही बसू शकतात, हे त्या इतिहासाने सिद्ध केले. तसे ते कोणत्याही देवाचे नाव घेणारे बसू शकतात. दिलसुखनगरात सायकलींवर मृत्यू ठेवून जाणाऱ्यांच्या तोंडीही देवाचेच नाव होते. मनोहरपूरला गाडी पेटविणाऱ्यांनीही धर्माचीच ढाल पुढे केली होती. २००७ साली ऐन नाताळात ओरिसाच्या कंधमाल जिल्ह्यात चर्चे आणि घरे जळाली. पुढच्या ऑगस्टात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांचा निर्घृण खून झाला आणि त्यानंतर उसळलेल्या हिंसेत हजारो निरपराध ख्रिस्ती माणसे रानोमाळ झाली. एका पारड्यात दुसऱ्याचे पाप टाकून आपले पारडे हलके होत नाही.

आणि त्याच गोमंतकीय इतिहासाची दुसरी बाजूही आहे. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, तिच्या प्रेमात पडला आणि ख्रिस्ताची कथा त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांतून सांगितली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मराठीच्या थोरवीच्या त्याच्या ओव्या आपण अभिमानाने उद्धृत करतो. परंतु त्या शतकात छापलेली या ग्रंथाची एकही प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरून घेतलेल्या नकलांतून, किनाऱ्यावरील साध्यासुध्या ख्रिस्ती कुटुंबांनी उराशी धरलेल्या पोथ्यांतून. आणि १९०७ साली मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापून काढला. राज्यकर्त्यांना देशी भाषा नकोशा झालेल्या असताना जी माणसे समईच्या उजेडात मराठी ओव्या उतरून घेत बसली, त्यांना आपण काय म्हणावे? ज्याचे फळ आपल्या डोळ्यांना दिसणार नाही असे काम शांतपणे करीत राहणे, हीच आशा.

मुक्तिलढ्यातही याच मातीतील ख्रिस्ती माणसे पुढे होती. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. लोहियांच्या बरोबर डॉ. ज्युलियांव मिनेझिस होते. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांनी पोर्तुगालचा तुरुंग भोगला आणि स्वतंत्र गोवा न पाहताच १९५८ साली मुंबईत देह ठेवला. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासमवेत १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेपलीकडील रानातून गुप्त नभोवाणी चालविली. १९ डिसेंबर १९६१ नंतर सहाच दिवसांनी आलेला तो नाताळ स्वतंत्र गोमंतकाचा पहिला सण होता. साडेचारशे वर्षांनंतर या भूमीवरचा नाताळ प्रथमच राज्यकर्त्यांचा सण राहिला नव्हता; तो शेजाऱ्यांचा सण झाला होता.

शेजाऱ्यांच्या या सणाची खूण म्हणजे कुस्वाडाचे ताट. चवथीला आपल्या घरच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात आणि नाताळला त्यांच्या घरून नेवऱ्या, दोदोल, कुलकुल झाकल्या ताटातून आपल्याकडे येतात. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, असे मानणारी ही भूमी आहे. हे सारे रम्य आहे, पण ते आपोआप टिकणारे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या तोंडावर, एका वक्तव्यावरून मडगावचे रस्ते अडविले गेले आणि काही दिवस वातावरण तापले. पुढे प्रदर्शन शांततेने पार पडले. परंतु वर्षानुवर्षे ज्या अंगणांतून ताटे गेली त्या अंगणांत संशय शिरायला एक भाषण पुरते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले. शेजारी आपल्यावर विसंबून निजू शकतो की नाही, हीच कोणत्याही बहुसंख्य समाजाच्या धर्माची कसोटी आहे. आपला ख्रिस्ती शेजारी नाताळच्या मध्यरात्री दाराला कडी न लावता चर्चला जाऊ शकत असेल, तर त्याच्या आशेत आपला वाटा आहे. त्याला मागे वळून पाहावे लागत असेल, तर त्या भीतीतही आपला वाटा आहे.

म्हणून यंदाच्या नाताळला आम्ही वाचकांस एवढेच सुचवू इच्छितो. ताट आले की ते रिकामे परत करू नये, ही आपली जुनी रीत. त्या ताटात मिठाईबरोबर आणखी एक गोष्ट घालावी: अफवा कानावर आली तर आधी शेजाऱ्याचे दार ठोठावीन, दगड उचलणार नाही, हे मनाशी केलेले वचन. दिलसुखनगरला १०७ क्रमांकाच्या थांब्यावर माणसे पुन्हा उभी राहू लागली. २१ नोव्हेंबर २००२ रोजी, तोही गुरुवारच, तेथील साईमंदिराजवळ स्फोट होऊन दोघे दगावले होते; त्यानंतरही ती राहिलीच होती. विद्यार्थी वह्या सावरीत येतात, कामगार डबा घेऊन येतात, आया मुलांची बोटे धरून येतात. त्यांतील बहुतेकांना ख्रिस्ती धर्मातील आशेच्या व्याख्येशी काही कर्तव्य नसेल. परंतु जेथे एकदा मृत्यू येऊन गेला तेथे संध्याकाळी उभे राहून बसची वाट पाहणे, ही गोष्ट लहान नाही. त्या रांगेकडे पाहिले म्हणजे गोठ्यातील त्या बाळाभोवती जागत बसलेले गरीब मेंढपाळ आठवतात. आमच्या ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.